नोहाचा पूर

थॉर्नलो, डर्बीशायर
६ जून १९८३

प्रिय विल्फ,

तुझा गुडघा बरा असेल, जोनसारख्या सुगरण लेकीच्या हातचं खाऊन तुझं वजन वाढलं नसेल आणि व्हिटबीचा वारा तुला मानवत असेल, अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. वाटाणे वर आले, त्यातले निम्मे कबुतरांनी खाल्ले, उरलेल्या निम्म्यांवर मी जुना पडदा टाकला आहे. चॅपलचं छप्पर पुन्हा गळतंय. पाद्रीबाबांनी गळतीखाली बादली ठेवली आणि प्रार्थनेच्या ऐन मध्यावर ती टपटप वाजायला लागली, तेव्हा पुढच्या बाकावरची पोरं इतकी हसली की शेवटी पाद्रीबाबाही हसले.

तुझ्या एप्रिलमधल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, ते मला माहीत आहे. दोनदा बसले लिहायला. दोन्ही वेळा गाडी वाटाण्यांपुढे सरकेना, म्हणून कागद चुलीत टाकले. आज मात्र चहाची किटली भरून बसले आहे आणि पत्र पुरं झाल्याशिवाय उठणार नाही.

तर आधी ही बातमी घे. आपल्या शाळेत नवी बाई आली आहे, मिसेस टॅटर्सल. शेफील्डची आहे, उंच, उत्साही, आणि गावातल्या प्रत्येक दगडाला तिला इतिहास विचारायचा असतो. तिने फेब्रुवारीत गावच्या हॉलमध्ये जुन्या आठवणींची संध्याकाळ ठरवली. टेपरेकॉर्डर आणला, केक केले (कोरडे होते, पण मी काही बोलले नाही), आणि साठीच्या पुढच्या सगळ्यांना ओढून आणलं. आपली वरची आळी डावीकडे बसली, खालची आळी उजवीकडे. मिसेस टॅटर्सल बिचारी म्हणते, "सगळे मिसळून बसा ना." जागचं कोणी हललं नाही.

पहिली पाळी माझी. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं डाव चालवला, त्यामुळे माझा आवाज पोचतो असं तिचं म्हणणं. मी झऱ्याच्या फळीचंच सांगितलं. दुसरं काय सांगणार? ज्याने थॉर्नलो पाहिलेलं नाही त्याला हे सांगितलं तर वाटेल आपण वेडेच आहोत: दाराएवढ्या फळ्या आधी तळ्यात भिजत घालायच्या, मग त्यांच्यावर चिखल थापायचा, चिखलात एकेक पाकळी खोचून बायबलातलं चित्र काढायचं, आणि ते झऱ्यापाशी उभं करून देवाला म्हणायचं, पाणी दिलंस, आभारी आहोत. आठवड्याने सगळं कोमेजतं. मग ते खरवडायचं आणि पुढच्या जूनची वाट बघायची.

माती तुडवण्याचं सांगताना मला आपला डुकरांचा जुना हौद दिसायला लागला. तू, मी आणि शेजारची पोरं त्यात अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बाबा वरून मीठ फेकतायत. माती ओली राहावी म्हणून मीठ, हे आपल्याला कळायचं. पण रानातल्या ब्रॅम्बलच्या झुडपांच्या काट्यांनी पिंढऱ्या ओरबाडलेल्या असल्या की ते मीठ असं झोंबायचं, की आपण रडतोय की नाचतोय ते आईला ओळखू यायचं नाही. तू माझा हात धरायचास. मी पडले की तूही मुद्दाम पडायचास, म्हणजे आईची बोलणी दोघांत वाटली जायची. हे मी हॉलमध्ये सांगितलं नाही. हे आपलं आपल्यातच ठेवलं.

शेवटच्या पाकळीचं मात्र सांगितलं. घरातल्या भावंडांत जे सगळ्यांत धाकटं, त्याने ती लावायची, हा आपल्या आळीचा रिवाज. बाबा फळीचे म्होरके होते तेव्हा, आणि पुढे तू झालास तेव्हाही, ती धाकटी मीच. कबुतराचा डोळा, मेंढराचं नाक, काय काय लावलंय मी! लहान होते तेव्हा हात पुरायचा नाही म्हणून तू मला खांद्यावर घ्यायचास आणि खालून ओरडायचास, "लवकर लाव, म्हशी, मान मोडतेय!" सगळा हॉल हसला, उजवी बाजूसुद्धा.

मग मिसेस टॅटर्सलने विचारलं, "दोन आळ्यांच्या दोन वेगळ्या फळ्या कशासाठी?" झालं. डावी बाजू एकदम बोलायला लागली. आपल्याकडे जे उगवतं तेच लावायचं: पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ, ओढ्याकाठच्या झाडांची काळी बोंडं. खालचे मात्र गारगोट्या लावणार, लोकर लावणार, अंड्याची टरफलं लावणार. मी बाबांचं वाक्य सांगितलं, "आज टरफल लावणारा माणूस उद्या रंगाचा डबा आणेल." उजवीकडून कोणीतरी म्हणालं, "निदान आमचं चित्र आठवडाभर टिकतं. नोहासारखं नाही!"

विल्फ, हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल. माझ्यासाठी उचल.

पंचावन्न साल मी विसरलेले नाही. असा कोरडा उन्हाळा पुन्हा झाला नाही. तू बायबलातल्या महापुरातली नोहाची नौका काढली होतीस, वरच्या झऱ्याची आजवरची सगळ्यांत मोठी फळी, आणि पुराचं पाणी सगळं निळ्या पाकळ्यांचं. शनिवारी लोक टोप्या काढून उभे राहिले. आणि रविवारी सकाळी तू गेलास तर मातीला वरपासून भेगा, नौकेचा पुढचा भाग जमिनीवर, आणि फळीपाशी हातात पोती घेऊन खालच्या आळीचा ईनॉक वेन. तू काही विचारलं नाहीस. टोपी काढून त्याच्या तोंडावर फेकलीस आणि घरी आलास. "ईनॉकने फळी फोडली," एवढंच म्हणालास. खालच्या पोरांना तर कोलीतच मिळालं. "नोहाचा पूर आटला!" पोस्टात, दुकानात, बसच्या थांब्यावर, "काय नोहा, पाऊस येईल का?" तू त्या नावाला कधी ओ दिली नाहीस. पुढच्या वर्षी मातीला हात लावला नाहीस. आणि अ‍ॅडा वहिनी गेल्यावर व्हिटबीला जोनकडे राहायला गेलास, ते ख्रिसमसला येतोस, ईस्टरला येतोस, पण जूनमध्ये एकदाही आला नाहीस.

तर त्या संध्याकाळी उजवीकडून तो टोमणा आला आणि मी उठणार, इतक्यात ईनॉकच उठला. मला वाटलं, हा आता आणखी मीठ चोळणार. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि त्या टेपरेकॉर्डरकडे अशा नजरेने बघायला लागला जणू तो म्हणजे लाथ मारणारी गायच.

"त्या नोहाचं मला सांगायचंय," तो म्हणाला. "फळी मी फोडली नाही. सकाळी दूधगाडी घेऊन दूध घालायला निघालो होतो. बघतो तर वारा भट्टीसारखा, आणि मातीला वरच्या कडेला भेगा. तळ्यात त्या साली पाणीच कमी होतं. फळ्यांची वरची कड भिजलीच नव्हती, ती मातीतलं पाणी पीत होती. विल्फची काही चूक नव्हती. मी गाडीतली बटाट्याची रिकामी पोती झऱ्यात बुडवली आणि फळीवर टाकायला गेलो. एक टाकलं, दुसरं टाकतोय तोच नौका आली खाली. आणि वर बघतो तर विल्फ."

मग मीच ओरडले. माझा आवाज पोचतो, हे तुला सांगितलंच.

"अठ्ठावीस वर्षं, ईनॉक वेन! अठ्ठावीस वर्षं तोंडात काय बटाटा धरला होतास?"

"विल्फने विचारलंच नाही," तो म्हणाला. "टोपीच मारली. आणि आमचा म्हातारा होता खालच्या फळीचा म्होरक्या. वरच्यांची फळी वाचवायला गेलो होतो, हे त्याला कळतं तर त्याने मला गाईंबरोबर बांधलं असतं. मग म्हातारा गेला, पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती. उशिरा बोलायला गेलं की आणखीच उशीर होतो, हेटी."

आपली मोड फ्रिथ म्हणाली, "पोत्यांतून पाणी गळत होतं, हे मी बघितलं होतं. मला वाटलं, दूध सांडलं." अठ्ठावीस वर्षं तीही गप्प! या गावात टोमणे मारायला सगळ्यांना तोंड आहे, सांगायला कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईनॉक माझ्या दारात. हातात तुझी टोपी. होय, तीच, करड्या चौकड्यांची. त्याने ती गोठ्याच्या खुंटीला जपून ठेवली होती, एक कड उंदरांनी खाल्ली आहे. "ही विल्फला पोचवशील का?" मी म्हटलं, "स्वतः पोचव." तो म्हणाला, "बरं." आणि तिथेच उभा. पाऊस होता, मग आत घ्यावं लागलं. आत आला म्हणून चहा द्यावा लागला. चहाबरोबर तव्यावरचे गरम ओटकेक दिले, चीज घालून, तर पठ्ठ्या चार खाऊन म्हणतो, "माझी बायको गेल्यापासून गरम असं काही बसून खाल्लेलं नाही." मी म्हटलं, बस मग. तो बसला.

मंगळवारी पुन्हा आला. गुरुवारी बागेची मोडकी फाटकं बसवून गेला. मार्चमध्ये बर्फ पडला तर दाराबाहेरचा बर्फ मी उठायच्या आधीच काढलेला, आणि दुधाच्या बाटलीवर मोजा चढवलेला, गोठू नये म्हणून. विल्फ, मी उभ्या आयुष्यात कोणाकडून काही मागितलं नाही, आणि कोणी न मागता काही दिलंही नाही. तो मोजा बघून मी पायरीवर उभी राहून हसले. चांगली जोरात हसले. समोरच्या मोडने पडदा बाजूला केला.

आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? किटलीही संपली.

मी यंदा माती तुडवणार आहे ती खालच्या आळीच्या हौदात. हो. फर्निस घराण्यातली मुलगी, सहासष्टाव्या वर्षी, खालच्यांच्या चिखलात. बाबा थडग्यात कुशीवर वळले असतील. आणि पंचवीस जूनला, फळ्या उभ्या राहतात त्याच शनिवारी सकाळी, मी ईनॉकशी लग्न करते आहे. आपल्या चॅपलमध्ये. तो खालच्या चर्चमध्ये जाणारा माणूस, पण म्हणाला, "तू खालच्या आळीत येतेयस, मग मी निदान प्रार्थनेला वर येतो." त्याने विचारलं कसं, तेही ऐक. ओढ्याकाठी काळी बोंडं गोळा करत होतो. त्याने टोपली खाली ठेवली, आणि ओल्या गवतात गुडघा टेकायला गेला. मी म्हटलं, "ऊठ, तुला उठवायला मला गावातून माणूस आणावा लागेल." तो म्हणाला, "मग लवकर हो म्हण." मी हो म्हटलं आणि मग खरंच त्याला काठीचा आधार देऊन उठवलं. आम्ही दोघं तिथेच बसून इतके हसलो की ओढ्यातली बदकं उडाली. मी सुखात आहे, विल्फ. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटतेय, पण खोडणार नाही.

वरची आळी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण "अगं वेनबाई" म्हणून. त्यांचा राग लग्नावर कमी आणि चित्रावर जास्त आहे. कारण ईनॉक यंदा खालचा म्होरक्या आहे आणि त्याने चित्र निवडलं आहे नोहाचं. सगळ्यांना वाटतं, हा तुला मुद्दाम डिवचतोय. तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी मी सांगते: तसं नाही. तो म्हणाला, "विल्फचा नोहा अर्धाच राहिला, तो पुरा करायचा. आणि यंदा फळ्या मी स्वतः उलट्यासुलट्या करून भिजवणार." नौका तयार होईल, जनावरं होतील, जिराफासाठी बटरकपची पिवळी फुलं आहेत. अडलंय ते पुराशी. निळं नाही. हायड्रेंजिया अजून कळीतही नाही, आणि गावात निळी फुलं ज्यांच्या बागेत आहेत ते सगळे वरचे. मला पाकळी काय, देठही मिळायचा नाही. मोडने तर माझ्यासमोर खिडकी लावली.

पण ते राहू दे. पुराशिवायही नौका उभी राहील. मला मागायचंय ते वेगळं आहे.

बाबांच्या जागी हात धरून चॅपलपर्यंत मला कोणी घेऊन जायचं, हे विचारायला पाद्रीबाबा आले होते. त्यांनी दोन-तीन नावं सुचवली. मी म्हटलं, माझा भाऊ येईल, आणि तो नाही आला तर मी एकटी चालत जाईन, माझे पाय चांगले आहेत. लग्न तुझ्याशिवायही होईल. तू नाही म्हणालास तरी मी तुझ्यावर रुसणार नाही. पण मी पडले तेव्हा तू मुद्दाम पडायचास. आज मी पडलेली नाही, उलट उभी आहे, इतकी ताठ मी कधी उभी नव्हते. ते बघायला ये. हात धरायला ये. जूनमध्ये ये.

तुझी, कोणत्याही आळीत असले तरी तुझीच,
हेटी

ता. क. ईनॉक टोपी पोस्टाने पाठवायला तयार नाही. म्हणतो, हातात देणार.

---

व्हिटबी
१३ जून १९८३

हेटी,

पत्र मिळालं. गुडघा वाकतो.

मी लांबलचक लिहिणारा माणूस नाही, ते तुला माहीत आहे. पत्र वाचून बंदरावर गेलो, तिथून धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. जोन म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, तुझी आत्या खालच्या आळीत चालली. ती म्हणाली, "मग तुम्ही हसताय कशाला?" मला माहीतही नव्हतं हसतोय ते.

तळ्यात पाणी कमी होतं, ते बरोबर आहे. वरची कड कोरडी राहिली असणार. ईनॉकने हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही त्याला सांग. म्हणजे फिट्टंफाट.

आता कामाचं. मी लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारच्या गाडीने मॅटलॉकला उतरतो. ईनॉकला दूधगाडी घेऊन यायला सांग. वाटेत बोलायची गरज नाही म्हणावं, गप्प राहणं त्याला चांगलं जमतं. टोपी आणायला विसरू नये.

शनिवारी आपण वरच्या झऱ्यावरून जायचं. मागच्या वाटेने नाही. मोडच्या खिडकीसमोरून, सावकाश. गुडघ्यामुळे मला सावकाशच चालता येतं, तेव्हा सगळ्यांना नीट बघता येईल.

या पत्राबरोबर खोकं येतंय. जड आहे, पोस्टमनला चहा पाज. त्यात शिंपले आहेत, निळे, इथे लोक शिजवून खातात ते. घासूनपुसून घेतलेत. गेले पाच दिवस या घरात दुसरं काही शिजलेलं नाही आणि जोन म्हणते, आणखी एक शिंपला दिसला तर मी घर सोडून जाईन. वरच्या आळीच्या नियमात ते बसत नाहीत, पण फळी वरच्या आळीची नाही आणि तूही आता नाहीस. निळी बाजू वर ठेवायची. सुरुवात खालून करायची आणि कौलांसारखे एकावर एक चढवत न्यायचे, म्हणजे पाऊस आला तर ओघळून जाईल. गडद खाली, फिकट वर. लाटा सरळ काढू नका, पाणी कधी सरळ नसतं. मी इथे रोज बघतो.

एवढे पुरतील. न पुरले तर शुक्रवारी पिशवीतून आणखी आणतो.

शेवटची पाकळी लावायला थांबा. ती तूच लावायची, भावंडांत धाकटी अजून तूच. खांद्यावर घेणं आता जमायचं नाही. तिपाई काढून ठेव, मी ती धरून उभा राहीन.

पूर सोबत पाठवला आहे. हा आटणार नाही.

तुझा भाऊ,
नोहा